उटण्याचा खरा आकडा

दिवाळीच्या पहाटे उभा महाराष्ट्र अंगाला उटणं चोळत असतो, तेव्हा मी मनातल्या मनात पाकिटं मोजत असते. माझ्या घरचे म्हणतात, ही सवय आता निवृत्तीनंतर तरी सोड. पण एकवीस वर्षांची सवय अशी सुटते होय? अंबडच्या औद्योगिक वसाहतीत साबण, केसांचं तेल, दंतमंजन आणि दिवाळीपुरतं उटणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी ‘प्लॅनिंग’मध्ये होते. सासूबाई लोकांना सांगायच्या, “सूनबाई साबणात आहे.” शेजारच्या काकूंचा कित्येक वर्षं असा समज होता की मी मोठ्या कढईत साबण ढवळते. मीही तो दूर केला नाही, कारण खरं काम समजावून सांगायला साबण ढवळण्यापेक्षा जास्त कष्ट पडायचे.

खरं काम असं. अमरावतीतली कुणी एक बाई दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुकानात जाणार आणि आमचं उटणं मागणार. तिला स्वतःला हे अजून माहीत नाही. जून महिन्यात ती बिचारी पोरांच्या शाळेची दप्तरं घेत फिरते आहे. मला मात्र जूनमध्येच माहीत पाहिजे, की ती येणार, एक पाकीट घेणार की दोन, आणि ते पाकीट त्या दुकानात त्या दिवशी असलं पाहिजे. कारण नागरमोथा, कचोरा, वाळा, चंदन, आंबेहळद हे सगळं मागवायचं, दळायचं, मिसळायचं, पाकिटात भरायचं आणि गावोगावच्या डेपोंना पाठवायचं, यात तीन-चार महिने जातात. थोडक्यात, ज्योतिषाचं काम; फक्त ज्योतिषाला कुणी भाऊबीजेनंतर केबिनमध्ये बोलावून जाब विचारत नाही.

साबणाचं सोपं असतं. या महिन्यात राहिला तर पुढच्या महिन्यात खपतो, अंघोळ काही कुणी बंद करत नाही. उटण्याचं आयुष्य वर्षातले दहा-बारा दिवस. भाऊबीज झाली की ती नुसती वासाची माती. दुकानदार न खपलेल्या पेट्या परत करतात. तो परतीचा माल आमच्या गोडाऊनमध्ये येऊन पडायचा. आणि कमी पडलं तर? तर त्या बाईनं दुसऱ्या कंपनीचं घेतलेलं असतं आणि पुढल्या वर्षीही ती तेच घेणार असते. जास्त झालं तरी बोलणी, कमी पडलं तरी बोलणी. असं हे मजेचं काम, आणि मला ते मनापासून आवडायचं.

आता हा आकडा यायचा कुठून? तर प्रत्येक भागाचा विक्री अधिकारी जूनमध्ये मला कळवायचा, की आमच्याकडे इतक्या पेट्या लागतील. यातला एकही माणूस खरं बोलत नसे. खोटारडे होते असं नाही, अतिशय सज्जन माणसं होती सगळी. पण खानदेशचे भामरे भाऊ दुप्पट मागायचे, कारण मागितलं तेवढं कधीच मिळत नाही असा त्यांचा अनुभव. नागपूरचे वानखेडे साहेब निम्म्याच्या आसपास सांगायचे, कारण जो आकडा सांगावा तोच कंपनी त्यांच्या गळ्यात उद्दिष्ट म्हणून बांधायची. पुण्याचे गृहस्थ तेवढे खरा आकडा द्यायचे, पण तो कसा काढला हे वर अर्धा तास ऐकवायचे.

माझ्याकडे एक डायरी होती. तिच्यात मी प्रत्येकाचा हिशेब लिहून ठेवला होता: भामरे, भागिले दोन. वानखेडे, गुणिले पावणेदोन. बढाई मारत नाही, पण त्या डायरीवर आमची कंपनी चालत होती. कंपनीनं परदेशी सॉफ्टवेअर घेतलं होतं, त्यात रंगीत आलेख यायचे आणि साहेब लोक ते बघून माना डोलवायचे. त्या आलेखात आकडे मात्र मी डायरीतून भरायचे. कोण किती खोटं बोलतो हे ज्याला कळलं, त्याला प्लॅनिंग कळलं, असं मी नव्या पोरींना शिकवायचे. केवढी मिजास होती मला!

आणि ही मिजास ज्या वर्षी उतरली, त्या वर्षाचीच गोष्ट सांगते.

त्या वर्षी मेमध्ये मुंबईच्या मुख्य कचेरीतून मोठे साहेब आले. म्हणाले, “उटण्याचा परतीचा माल दर वर्षी फार येतो. या दिवाळीत शंभरात पाचपेक्षा जास्त पाकिटं परत आली, तर नाशिकची उटण्याची लाइन बंद. बाहेरून बनवून घेऊ.” एवढं बोलून त्यांनी चहा संपवला आणि ते गेले.

लाइन म्हणजे काय, तर एक लांब शेड. एका टोकाला मिसळणीचं पिंप, मधे पाकिटं भरायचं टेबल, दुसऱ्या टोकाला पाकिटाचं तोंड चिकटवणारं सीलिंग मशीन, आणि या सगळ्यावर सव्वीस बायका. जुलै ते सप्टेंबर उटणं, मग उरलेलं वर्ष दंतमंजन आणि इतर पुड्या. लाइन गेली तर सव्वीसच्या सव्वीस घरी. त्यांच्या मुख्य होत्या मथुराताई गांगुर्डे. माहेर वणीकडचं, सासर अंबड गावातलं. उंचीला माझ्या खांद्याला लागतील, आवाज मात्र गेटवर ऐकू जाईल असा. त्यांचं नाक म्हणजे आमची प्रयोगशाळा. पिंपात हात घालून चिमूटभर पीठ नाकाशी न्यायच्या आणि सांगायच्या, “वाळा कमी हे. घाला अजून.” प्रयोगशाळेचा रिपोर्ट दोन दिवसांनी यायचा आणि तोही हेच म्हणायचा.

मी साहेबांचं बोलणं मथुराताईंना सांगितलं. लपवून काय करणार? त्यांनी हातातलं पाकीट उलटसुलट केलं. मग म्हणाल्या, “मॅडम, आम्ही माल चांगला करतो. किती करायचा ते तुम्ही सांगता. म्हंजे आमची भाकर तुमच्या आकड्यावर हे.”

हे वाक्य मी त्या वर्षभर छातीवर घेऊन फिरले.

जूनमध्ये कंपनीला वाटलं, की सगळ्या दुखण्याचं मूळ म्हणजे विश्वासाचा अभाव. म्हणून इगतपुरीच्या एका रिसॉर्टवर आम्हा सगळ्यांचं दोन दिवसांचं शिबिर भरलं. बाहेर असा पाऊस, की समोरची झाडं दिसेनात, तेव्हा पळून जायची सोय नव्हती. एक गोरेगोमटे प्रशिक्षक आले होते. त्यांनी आम्हाला डोळे मिटून एकमेकांच्या अंगावर मागे पडायला लावलं. वानखेडे साहेबांचं वजन बघून त्यांच्या मागे तिघांना उभं केलं. शेवटी सगळ्यांना गोल उभं करून हातात हात द्यायला लावले आणि शपथ घ्यायला लावली, “मी माझा खरा आकडा सांगेन.” भामरे भाऊंच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. मीही शपथ घेतली. आणि अगदी खरं सांगायचं तर, शपथ घेताना मनात म्हटलं, या शपथेला किती भागायचं?

दोन आठवड्यांनी आकडे आले. भामरे भाऊंचा फोन. “मॅडम, या वेळेस एकदम खरा आकडा देतो. बावीसशे पेट्या.” हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकत होते, फक्त आकडा दर वेळी चार हजारांच्या पुढे असायचा. हुशार माणूस थबकला असता. मी अतिहुशार. मी विचार केला, भामरे बावीसशे मागतात याचा अर्थ खानदेशात मंदी आहे, पाऊस लांबला असणार, कापसाचं काही खरं नाही. बावीसशे भागिले दोन, अकराशे. मग वानखेडे साहेबांचा आकडा आला, एकोणीसशे. एरवी हजाराच्या पुढे त्यांची गाडी सरकत नसे. मी म्हटलं, वा! विदर्भात यंदा बाजार जोरात दिसतो. एकोणीसशे गुणिले पावणेदोन. मांडला आकडा. दोघांची बेरीज जवळपास दर वर्षीएवढीच आली, त्यामुळे वरच्या कुणाला संशय आला नाही. मला तर स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

त्या दोन सज्जनांनी आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं होतं, आणि मी एकाचं अर्धं केलं, एकाचं जवळजवळ दुप्पट.

दिवाळीला नऊ दिवस उरले होते. सकाळी दहाला मी खुर्चीत टेकते न टेकते तोच भामरे भाऊंचा फोन वाजला. हे गृहस्थ सटाण्याकडचे. एरवी शुद्ध बोलायचे, पण डोकं फिरलं की आपल्या अहिराणीवर यायचे. “मॅडम, गोडाऊनमा एक बी पेटी नही शे! दुकानदार मना जीव खाई राहिनात!” मी म्हटलं, “भाऊ, अकराशे पेट्या पाठवल्यात.” ते म्हणाले, “मी बावीसशे सांगितल्या होत्या ना! खरा आकडा शे म्हणून सांगितलं होतं ना!”

तेवढ्यात दुसरा फोन. नागपूर. वानखेडे साहेब. “मॅडम, एवढं कायले पाठवलं? माया गोडाऊनात मलेच घुसाले जागा नाही. मी बाहेर टपरीवर बसून काम करून राह्यलो.”

दोन कानांना दोन फोन लावून मी बसले होते, आणि एकदम लख्ख उजेड पडला. इगतपुरी. ते हातात हात. ती शपथ. हे लोक खरंच खरं बोलले होते! मला आधी रडू आलं आणि मग इतकं हसू आलं, की शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं पाण्याचा ग्लास आणून दिला.

हसणं ओसरल्यावर तोंडचं पाणी पळालं. जळगावच्या डेपोत दुष्काळ, नागपुरात ढीग. नागपूरचा ढीग दिवाळीनंतर परत येणार, शंभरात पाच कसले, पंधरा पाकिटं परतीची, आणि मथुराताईंच्या शेडला कुलूप. पण मी काही अगदीच कच्ची नव्हते. दर वर्षी मी प्लॅनमध्ये आकड्यावर थोडा राखीव माल धरायचे, नाशिकच्या गोडाऊनमध्ये अडीअडचणीला असावा म्हणून; तो काढायची वेळ कधी आली नव्हती. म्हटलं, आधी जळगाव तर शांत करू. तशीच धावत गोडाऊनमध्ये गेले. राखीव मालाच्या जागी मोकळी फरशी.

गोडाऊनवाल्यानं कागद दाखवला. सप्टेंबरच्या शेवटी शेवटच्या बॅचेस झाल्याच नव्हत्या. कारण: सीलिंग मशीन बिघडलं. मी तणतणत शेडमध्ये गेले आणि मथुराताईंना सगळ्यांदेखत बोलले. “मशीन बिघडलं तर मला सांगायला नको? माझा राखीव माल कुठं आहे?” त्यांनी मान खाली घातली. “चुकलं, मॅडम,” एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, “काय झालं ते तरी सांगा.” मी तिथंच पेटीवर बसून सगळं सांगितलं. डायरी, भागाकार, गुणाकार, शपथ. बायका दंतमंजनाच्या पुड्या भरायच्या थांबल्या. एक जण म्हणाली, “अगं बया! म्हंजे माल हाय, पण भलत्याच गावात हाय.” इतकं नेमकं वर्णन मुंबईच्या साहेबांनाही जमलं नसतं.

नवा माल करायला आता वेळ नव्हता; नागपुरातलाच जळगावला न्यायचा. वाट सरळ, पण गाडी? दिवाळीच्या आधी ट्रक मिळवणं म्हणजे काय ते ज्यानं मिळवलाय त्यालाच माहीत. मी आडगावच्या ट्रक टर्मिनलवर आमच्या जुन्या ओळखीच्या रऊफभाईंना फोन केला. ते हसले. “मॅडम, आता दिवाळीपर्यंत बैलगाडी बी रिकामी भेटणार नाय.” मी काकुळतीला आले तेव्हा म्हणाले, “एक आहे. पण तुम्हाला चालणार नाय. कांदा घेऊन चार गाड्या उद्या नागपूरला चालल्या. येताना दोघींत संत्रा हे, दोन रिकाम्या. पण मॅडम, कांद्याच्या गाड्या हे. आधीच सांगतो, नंतर बोलायचं नाय.”

उटणं आणि कांदा! चंदनाच्या वासासाठी लोक जे घेतात, त्याला कांद्याचा वास लागला तर परतीचा माल सोडाच, लोक घरी येऊन मारतील. मी फोन ठेवणार, तोच मागे उभ्या मथुराताई म्हणाल्या, “नाय कशाला म्हणता? बघू तरी. मी येते वास घ्यायला.”

आम्ही उटण्याची एक पेटी घेतली आणि कंपनीच्या गाडीनं आडगावला गेलो. रऊफभाईंनी नुकताच कांदा खाली केलेला एक ट्रक दाखवला. वास असा, की माझ्या डोळ्यांतून धारा. आम्ही पेटी आत ठेवली, वरून ताडपत्री घट्ट ओढून घेतली आणि शेजारच्या झाडाखाली डबे उघडून बसलो. दोन तास. येणारेजाणारे ड्रायव्हर विचारत होते, आत काय आहे? रऊफभाई गंभीरपणे सांगत होते, “परीक्षा चालू हे.” एक क्लीनर म्हणाला, “कुणाची?” रऊफभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दोन तासांनी पेटी काढली. मथुराताईंनी आधी पुठ्ठा हुंगला आणि तोंड फिरवलं. “कांदाच.” मग पेटी फाडून एक पाकीट काढलं, त्याचं तोंड उघडलं, चिमूट घेतली, बाटलीतलं पाणी घालून आपल्या मनगटावर चोळली. डोळे मिटले. आजूबाजूला सात-आठ ड्रायव्हर श्वास रोखून उभे. त्यांनी मनगट नाकाशी नेलं, एकदा, दोनदा. आणि डोळे न उघडताच म्हणाल्या, “चंदन.” आमचं पाकीट आतून चंदेरी कागदाचं होतं, त्यानं कांद्याला दारातच अडवलं होतं. ड्रायव्हर लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी ते पाकीट तिथंच वाटून घेतलं, घरच्यांसाठी म्हणून.

नागपूरला वानखेडे साहेबांनी स्वतः उभं राहून दोन्ही ट्रक पाण्यानं धुऊन घेतले, तळाला चुरमुऱ्याची रिकामी पोती अंथरली आणि साडेअकराशे पेट्या भरून दिल्या. फोनवर म्हणाले, “मॅडम, आता मले खुर्ची ठेवाले जागा झाली. लय बरं वाटून राह्यलं.” दिवाळीला चार दिवस असताना ट्रक जळगावला पोचले. भामरे भाऊंनी डेपोतल्या पोरांना घेऊन जुने पुठ्ठे काढले, नव्या पेट्यांत पाकिटं भरली आणि दोन दिवसांत सगळं दुकानांत पोचवलं. काही पेट्या घाईत तशाच गेल्या. भुसावळच्या एका दुकानदारानं कळवलं, की तुमची पेटी उघडल्यापासून आमच्या नोकराला सारखी भजी खावीशी वाटतात. ही त्या वर्षीची एकमेव तक्रार.

सगळं निभावल्यावर मी भामरे भाऊंना फोन करून कबुली दिली. म्हटलं, “भाऊ, अकरा वर्षं मी तुमचा आकडा अर्धा करते आहे. यंदाही केला. तुम्ही खरं सांगितलं आणि मी विश्वास ठेवला नाही. माझं चुकलं.” ते म्हणाले, “मॅडम, मी दुप्पट का सांगायचो माहितीये? तुम्ही अर्धं करता म्हणून.” आता आधी त्यांनी दुप्पट केलं की आधी मी अर्धं केलं, हे आम्ही दोघं पुढे कितीतरी वेळ शोधत होतो, पण छडा लागला नाही. त्या दिवशी मात्र मला वाईट वाटलं, अजून वाटतं. एका भल्या माणसानं शपथ पाळली, तेव्हा मी मनात भागाकार करत होते.

भाऊबीज झाली. परतीचा माल यायला लागला. रोज संध्याकाळी मी गोडाऊनमध्ये जाऊन पेट्या मोजायचे. मथुराताई शेडच्या दारात उभ्या असायच्या. अखेरच्या डेपोचा माल आला तेव्हा मी हिशेब मांडला. शंभरात चार. पुन्हा मांडला. चारच. मुंबईहून साहेबांचा फोन आला, “मॅडम, कंपनीच्या इतिहासात इतका अचूक अंदाज कुणी केला नव्हता. तुमची पद्धत इतर कारखान्यांना शिकवा.” मी म्हटलं, “बरं, सर.” दुसरं काय म्हणणार?

पण माझं डोकं भणभणत होतं. चार कसे? माझा राखीव माल झाला असता, तर मी तोच जळगावला पाठवून मोकळी झाले असते आणि नागपूरचा ढीग परत आला असता. मशीन बिघडलं, म्हणून लाइन वाचली. केवढं हे नशीब! सहज म्हणून मी मागच्या वर्षांचे रिपोर्ट काढले. मागच्या वर्षी, सप्टेंबरचा शेवट, सीलिंग मशीन बिघडलं. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबरचा शेवट, सीलिंग मशीन बिघडलं. त्याच्याही आदल्या वर्षी. इतकं वक्तशीर मशीन मी दुसरं पाहिलं नाही. दर वर्षी दिवाळी उलटल्यावर मी तो शेरा वाचायचे, माल कमी झाल्याबद्दल देखभाल विभागाला शिव्या घालायचे आणि विसरून जायचे.

मी शेडमध्ये गेले. मथुराताई दंतमंजनाच्या पुड्या मोजत होत्या. मी विचारलं, “मथुराताई, मशीनला काय होतं हो दर वर्षी?”

त्यांनी मोजणं थांबवलं. इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “मशीनला काय होतंय? चांगलं हे मशीन. मी सांगते पोरींना, शेवटचं मिसळू नका. मिसळलं की ते दिवाळीपुरतं. नाय मिसळलं, तर नागरमोथा नागरमोथा राहतो, हळद हळद राहते, पुढल्या साली कामाला येती. तुम्ही रागावू नका, मॅडम.”

“अहो, पण माझा प्लॅन होता ना तेवढा!”

“होता ना. पण तुमचा प्लॅन मी किती वर्षं बघते. तुम्ही हुशार हायेत, समद्यांचं बरोबर ओळखता. पण शेवटी तुम्हाला भ्या वाटतं आणि तुम्ही वाढवून ठेवता. तुमच्या शंभरातले बारा भीतीचे हायेत.”

बारा! मी केबिनमध्ये येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसले. दर वर्षीचा राखीव माल काढून पाहिला. बारा, सव्वाबारा, पावणेबारा. सगळ्यांचे गुणाकार-भागाकार लिहून ठेवणाऱ्या बाईचा हिशेब, चौथीपर्यंत शिकलेल्या एका बाईनं कुठल्याही डायरीशिवाय लावून ठेवला होता. आणि मला न सांगता, न दुखवता, वर माझ्या शिव्या खाऊन, दर वर्षी वजा केला होता. मी एकटीच हसत सुटले. एवढी मोकळी मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

मग मी शहाणी झाले. पुढच्या वर्षी भामरे आणि वानखेडे यांचे आकडे जसेच्या तसे घेतले, वरचे बारा मी स्वतःच कापले आणि प्लॅन शेडमध्ये पाठवला. मथुराताईंना काही बोलले नाही. म्हटलं, आता खरं तेच लिहिलंय तर सांगायचं काय? सप्टेंबरच्या शेवटी रिपोर्ट आला. सीलिंग मशीन बिघडलं.

त्या वर्षी आमचं उटणं वसुबारसेलाच संपलं. खानदेशात संपलं, विदर्भात संपलं, पुण्याच्या गृहस्थांनी ते कसं संपलं हे मला पाऊण तास सांगितलं. परतीचं एक पाकीट नाही. मुंबईचे साहेब धावत आले आणि म्हणाले, “मागणी एवढी आहे आणि तुम्ही सव्वीस बायकांवर चालवता? अजून दहा जणी घ्या.” मी आणि मथुराताईंनी एकमेकींकडे बघायचंच टाळलं. बघितलं असतं, तर साहेबांसमोर हसू फुटलं असतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आमचा एक रिवाज पडला. जुलैमध्ये प्लॅन पक्का व्हायच्या आधी मथुराताई माझ्या केबिनशी यायच्या, दार ढकलून आत डोकावायच्या आणि एवढंच विचारायच्या.

“मॅडम, यंदा किती भ्यालात?”

आणि मी त्यांना खरा आकडा सांगायचे.